अकोल्याच्या जिनावरून गेलेला उपग्रह

हिमालयात जाऊन आलेल्या माणसाला कोणी "कशाला गेला होता?" असं विचारत नाही. मी ऐन थंडीत अमरावती-अकोल्याला जाऊन आले, तर पुण्यात जो भेटेल तो हेच विचारतो. तिकडे नातेवाईक आहेत का? नाहीत. लग्नकार्य होतं का? नव्हतं. "आभाळातल्या एका प्रयोगशाळेचा आवाज टिपायला गेले होते," असं सांगितलं, की विचारणाराच विषय बदलतो. म्हणून एकदा लिहूनच काढते. ज्यांना वाचायचं ते वाचतील, बाकीच्यांचे प्रश्न तरी थांबतील.

ही प्रयोगशाळा म्हणजे परदेशी शास्त्रज्ञांनी सोडलेला एक कृत्रिम उपग्रह. आत माणूस नाही, कुत्रं नाही. आहे ते एक लहानसं यंत्र, आणि ते एकाच सुरात शीळ घालत पृथ्वीभोवती फिरत असतं. आपल्या डोक्यावर, हवा संपत आल्यावर, विजेनं भारलेला एक थर आहे. त्यातून खाली येताना ती शीळ थरथरते. चांदणी लुकलुकते ना, तसंच काहीसं. या थरथरीवरून तो थर कसा आहे ते कळतं. म्हणजे प्रयोगशाळा वर असली तरी तिचं निम्मं काम खाली, जमिनीवर बसून, कान देऊन करावं लागतं. आणि ते एकाच वेळी दोन ठिकाणांहून केलं तर थराची हालचालही समजते. आमची दोन ठिकाणं होती अमरावती आणि अकोला.

खरी निकड होती ती आमच्या संस्थेतल्या सुदाम वानखडेची. हा मुलगा मूळचा अकोल्याचा, आमच्याकडे डॉक्टरेटचं काम करणारा. त्याचा सगळा प्रबंध या शिळेवर उभा होता. हवं ते बहुतेक जमलं होतं. उपग्रह थेट वऱ्हाडाच्या डोक्यावरून जाताना दोन्ही ठिकाणी मिळालेली एक स्वच्छ, अखंड नोंद तेवढी राहिली होती. पण उपग्रहात घड्याळ बसवलेलं होतं, आणि ते या हिवाळ्याच्या शेवटी शीळ आपोआप बंद करणार होतं. त्याच सुमाराला वानखडेची शिष्यवृत्तीही संपत होती. नोंद मिळाली नाही तर तीन वर्षांचं काम पाण्यात, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तो मात्र त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. यंत्रं जुळवणं आणि सांभाळणं हे माझं काम, म्हणून मीही बरोबर निघाले.

बडनेरा आणि अमरावती

रेडिओच्या काचेच्या नळ्या फुटू नयेत म्हणून आम्ही पुण्याच्या बाजारातून भरपूर कापूस आणून त्या गुंडाळल्या होत्या. बडनेऱ्याला गाडी बदलताना हमालानं खोक्याच्या फटीतून बोट घालून पाहिलं आणि वानखडेला विचारलं, "कापूस घेऊन कुठी चालले? इथं कमी हाय काय?" वानखडेनं माझ्याकडे पाहिलं. मी सामान मोजायला लागले.

अमरावतीला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक देशमुख आमचे यजमान. तिथलं यंत्र तेच चालवणार होते. स्टेशनावरून टांग्यातून घरी नेताना त्यांनी नळ्यांचं खोकं मांडीवर घेतलं, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला टांगेवाल्याला दोष न देता नगरपालिकेला दिला. घरी पोचताच मी यंत्र उघडायला बसले, तर म्हणाले, "बाई, आधी जेवा. उपग्रह कुठी पळून नाई जात."

"पळूनच जातो. तेवढंच काम आहे त्याला," मी म्हणाले.

"मंग पुन्हा फिरून येते ना? जेवा."

मी हात धुऊन पाटावर बसले. झुणका, ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, आणि झुणक्यावर कच्च्या तेलाची धार. पुण्यात आम्ही भातावर तुपाचा थेंब सोडतो तोही हात आखडून. इथे तेल वाढणारीचा हात तुम्ही थांबवायचा असतो, आणि मला ते कळेपर्यंत झुणक्यानं पोहायला सुरुवात केली होती. ठेच्याची गोष्ट सांगत नाही. डोळ्यांतून पाणी आलं आणि यजमानीणबाईंनी न विचारता गुळाचा खडा पुढे केला, एवढं पुरे.

कॉलेजच्या मैदानावर तार ताणून झाली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर आवाज मंद. जाऊन बघितलं, वसतिगृहातल्या मुलांनी आमच्या तारेवर धोतरं आणि पंचे वाळत घातले होते. देशमुख सरांनी रागावण्याचा आव आणला, पण त्यातला एक पंचा त्यांच्याच पुतण्याचा निघाला. ही गोष्ट सोडली तर अमरावतीचं काम सुरळीत पार पडलं. त्या बाजूची काळजी मिटली आणि आम्ही दोघे अकोल्याला निघालो.

अकोला

अकोल्याची जागा संस्थेच्या प्रमुखांनी स्वतः येऊन निवडली होती. भर श्रावणात. त्यांच्या अहवालात "गावाबाहेर, एका बंद पडलेल्या कारखान्याचे आवार, विजेची सोय, अत्यंत शांत परिसर" असं लिहिलेलं होतं. त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली, तारेचे खांब सिमेंटात रोवून घेतले आणि समाधानानं परत आले.

आम्ही पोचलो तेव्हा त्या बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकापासून पार नाक्यापर्यंत कापसाच्या बैलगाड्या लागल्या होत्या. गाडीवान गाड्यांखाली चुली मांडून भाकऱ्या भाजत होते. आतून अखंड घरघर येत होती. वानखडे फाटकासमोर उभा राहिला आणि पोट धरून हसला. "बाई, हे जिन आहे. कापसातून सरकी काढायचं. श्रावणात बंदच असतं, दिवाळीनंतर पाहावं," तो म्हणाला. "साहेबांनी मला एका शब्दानं विचारलं असतं तर? माझी सख्खी बहीण इथे कामाला आहे."

यंत्र सुरू केल्यावर त्याचं हसू मावळलं. जिनाच्या मोठ्या मोटरच्या ठिणग्या आणि कोरड्या हवेत पळणारे चामड्याचे पट्टे यांनी कानातल्या फोनमध्ये नुसती तळणी लावली होती. उपग्रहाची शीळ त्यात कुठे ऐकू येणार? खांब उपटून दुसरीकडे जायला वेळ नव्हता. डोक्यावरून जाणाऱ्या फेऱ्या दोनच उरल्या होत्या, एक दुसऱ्या दिवशी आणि एक त्याच्या नंतरच्या दिवशी, दोन्ही सकाळच्या कामाच्या वेळेत.

म्हणजे त्या वेळी जिन थांबवणं भाग होतं. मॅनेजर गावंडे यांच्याकडे गेलो. जाड भिंगांचा चष्मा आणि अंगभर रुईचे तंतू, असा हा गृहस्थ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हंगामात पट्टा थांबत नसते बाई," ते म्हणाले. "बाहेर गाड्या पाहिल्या ना?"

"पाव तासाचा प्रश्न आहे," मी म्हणाले.

"पाव तास तुमच्या पुण्यात." त्यांनी वानखडेकडे पाहिलं. "तू शेवंताचा भाऊ काय? पुण्याले शिकून राहिला म्हणते, तो?"

"व्हय."

"हे झालं नाई तं तुयं काय होते?"

"काहीच नाही होत," वानखडे म्हणाला. "घरी येतो."

गावंडे बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "उद्या थांबवतो. पण कोणाले सांगू नका आधी. सांगितलं का बाया दोन तास त्याच्याच गोष्टी करतीन."

आम्ही कोणालाही सांगितलं नाही. इथेच चुकलं.

पहिली फेरी

शीळ वर येताना तिचा सूर उंच असतो आणि जाताना उतरत जातो, त्यामुळे सतत बटण फिरवत तिच्या मागे राहावं लागतं. हात सुटला की ती हरवली. ते वानखडेचं काम. कागदावर शाईची रेघ ओढणाऱ्या लेखणीवर नजर ठेवणं माझं. अमरावतीला देशमुख सर त्याच क्षणी तेच करत असणार होते.

ठरल्याप्रमाणे गावंड्यांनी मोटर बंद केली. घरघर उतरत उतरत थांबली आणि कानातली तळणीही थांबली. पाठोपाठ क्षितिजावरून शीळ उगवली, बारीक, स्वच्छ. वानखडेचं बोट बटणावर होतं, लेखणी सुरेख नागमोडी रेघ ओढत होती. अशी नोंद मी त्याआधी पाहिली नव्हती.

आणि बाहेर आरडाओरडा सुरू झाला.

जिनाला लागून मजुरांची वस्ती आहे. हंगामात पट्टा अवेळी थांबला, याचा त्या वस्तीत एकच अर्थ असतो. कोणाचा तरी हात गेला, किंवा लुगड्याचा पदर पट्ट्यात गेला. त्यामुळे घरघर थांबताच म्हाताऱ्या, पोरं, रात्रपाळी करून निजलेले पुरुष, सगळे होते तसे फाटकाकडे धावले होते. कोणी आत घुसत होतं, कोणी आतून बाहेर येत होतं, आणि जो तो आपापल्या माणसाच्या नावानं हाका मारत होता. त्या हाकांत एक हाक आमच्या खिडकीखालून आली. "शेवंते! अवो माया शेवंते!"

ती वानखडेची आई होती. कानावर फोन होते तरी त्याला ते ऐकू गेलं. त्याचा हात बटणावरून सुटला. फोन फेकून तो दाराकडे धावला. मी बटण धरलं, पण शीळ निसटली ती निसटलीच. लेखणी सरळ रेघ ओढत राहिली.

बाहेर शेवंता धडधाकट उभी होती, दोन्ही हात सलामत, केसांत रुई. आई तिचे हात चाचपून पाहत होती, उलटे सुलटे करून. काही झालेलं नाही, हे कळल्यावर सगळे आधी हसले. आणि पट्टा कशासाठी थांबवला होता हे कळल्यावर कोणीच हसलं नाही. शेवंतानं फाटकाबाहेरच्या कडुनिंबाकडे बोट दाखवलं. त्याच्या फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या होत्या आणि त्यांत कामकरणींची तान्ही मुलं होती. दोन म्हाताऱ्या त्यांना झोके देत होत्या.

"गावंडेभाऊ," ती म्हणाली, "लेकराले पाजाले धा मिनिटं मांगतली तवा तुमी म्हटलं, पट्टा थांबत नसते. आज कसा थांबला?"

गावंडे म्हणाले, "चला, चला, जाग्यावर चला." मोटर पुन्हा सुरू झाली.

वानखडेच्या घरी

दुपारी गावंड्यांनी आम्हाला बोलावलं. ते रागावलेले नव्हते, धास्तावलेले होते. उद्या एकदाच थांबवीन, म्हणाले, पण एका अटीवर. बायांनी आपापल्या जागेवर बसून राहायचं. एकदा बाया उठल्या की रोजचं होईल, आणि मग मालक मला उठवतील. "तू त्यायच्यातला हाय. तुयं आयकतीन. तूच सांग त्याईले," ते वानखडेला म्हणाले. त्यानं मान डोलावली.

संध्याकाळी त्याच्या घरी जेवायला गेले. शेणानं सारवलेल्या, अगदी नेटक्या दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फळीवर वानखडेची शाळेपासूनची पुस्तकं. आईनं मला पाटावर बसवलं, आणि पहिला घास घेईपर्यंत माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी घेतला. वांग्याची भाजी इतकी चांगली होती की मी दुसऱ्यांदा मागून घेतली. मग ती माउली चुलीकडे वळली. पाहुणी जेवते की नाही हे असं डोळ्यांत प्राण आणून पाहायची वेळ आमच्याकडे कोणावर येत नाही. मला तिथे बसल्या बसल्या लाज वाटली, आमची.

जेवणं झाल्यावर शेजारच्या बाया अंगणात जमल्या. शेवंता लेकराला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. "सांग बाप्पा," ती भावाला म्हणाली, "तुया त्या उपग्रहात हाय तरी काय?"

वानखडे माझ्याशी बोलताना पुण्याचं बोलतो. इथे एका क्षणात तो आमच्यातून निघून गेला. "त्यात काही नाई," तो म्हणाला. "नुसती शिट्टी वाजवते. आपल्या डोक्यावर इजेचा एक थर हाय. ते शिट्टी त्यातून येते. मी आयकून राहिलो, का ते कशी हालते."

"अन् ते न आयकलं तं?"

"तं मी तीन वर्सं कायले गेलतो ते मले सांगता नाई येत."

मग तो उभा राहिला. "मॅनेजरनं निरोप देल्ला. उद्या पट्टा थांबन, तवा सगळ्यायनं जाग्यावरच बसून राहाचं. कोणं उठाचं नाई." खाली बसत तो म्हणाला, "निरोप सांगून झाला." आणि चहाची बशी तोंडाला लावून तो कडुनिंबाच्या दिशेनं पाहत बसला.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हातारी फिस्सकन हसली. परत येताना मी त्याला विचारलं, "उद्या त्या उठल्या आणि गावंड्यांनी चिडून मधेच मोटर सुरू केली तर?"

"तर नोंद जाईल," तो म्हणाला.

"मग तसं त्यांना स्पष्ट का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्या बसून राहिल्या असत्या, बाई."

शेवटची फेरी

या वेळी वस्तीत घरोघर आधी सांगून ठेवलं होतं. वानखडे खिडकीशी यंत्रावर, मी लेखणी दिसेल अशी दारात, आणि गावंडे माझ्या शेजारी. उपग्रह मावळला की मी त्यांना सांगायचं आणि त्यांनी मोटर सुरू करवायची, असं ठरलं.

मोटर थांबली. शीळ आली. वानखडेचं बोट हलू लागलं आणि त्याच वेळी जिनाच्या दारातून पहिली बाई बाहेर आली. मग दुसरी. मग शेवंता. धावपळ नाही, बोलणं नाही. पदरावरची रुई झटकत त्या कडुनिंबाखाली गेल्या, झोळ्यांतून आपापलं मूल उचललं आणि फाटकाकडे पाठ करून बसल्या. ज्यांना लहान मुलं नव्हती त्या नुसत्या उन्हात येऊन उभ्या राहिल्या.

"वानखडे, हे काय व्हय?" गावंडे म्हणाले. वानखडेच्या कानांवर फोन होते. त्यानं वळून पाहिलं नाही, पण त्याची मान ताठ झालेली मला दिसली. गावंडे मोटरच्या खोलीकडे चार पावलं गेले. मी मधे जायला हवं होतं, पण लेखणीवरून नजर काढता येईना. ते आपणहून थांबले. यंत्रांपुढे कापूस घालायला आत कोणी उरलंच नव्हतं. रिकामे रूळ फिरवून काय मिळणार? ते परत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले.

शीळ डोक्यावर आली आणि हळूहळू उतरू लागली. रेघ कुठेही तुटली नाही. ही नोंद पुढे अमरावतीच्या नोंदीशी ताडून पाहिली तेव्हा अगदी चोख जुळली, आणि आज ती वानखडेच्या प्रबंधात आहे. त्यानंतरचा कागद आम्ही कापून टाकला. त्याच कागदाची हकिकत तेवढी सांगायची राहिली.

सूर खाली खाली गेला, कापरा झाला आणि विझला. उपग्रह क्षितिजापलीकडे गेला होता. लेखणी सरळ रेघ ओढू लागली. वानखडेला नोंद मिळाल्याचा आनंद झालाच असणार, पण त्यानं फोन काढले नाहीत. बटणावरचं बोटही काढलं नाही. जिथे काही नव्हतं तिथे तो सावकाश बटण फिरवत राहिला, खिडकीतून कडुनिंबाकडे पाहत.

"झालं काय, बाई?" गावंड्यांनी विचारलं.

शास्त्रात खोटं बोलू नये असं मी नव्या मुलांना दरवर्षी सांगते, आणि फार कडक शब्दांत सांगते. मी कागदाकडे पाहिलं, मग झाडाकडे. शेवंतानं नुकतंच लेकराला दुसऱ्या बाजूला घेतलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "अजून येतोय आवाज."